अडीच टनांखालचं रबर

सिन्नर हे रस्त्यांचं गाव आहे. नाशिक-पुणे महामार्ग गावाला लागून जातो, शिर्डीचा रस्ता इथूनच फुटतो आणि तालुक्यातल्या गोंद्याजवळून समृद्धी महामार्गावर चढता येतं. त्यामुळे इथली एखादी फॉर्च्युनर सकाळी ठाणगावकडच्या मळ्याच्या मुरमाड वाटेवर असते, दुपारी मोहदरी घाटातून नाशिकला जाते आणि संध्याकाळी समृद्धीवर ताशी १२० च्या वेगाने संभाजीनगर गाठते. बाभळीचे काटे, घाटातली वळणं आणि तापलेलं काँक्रीट, सगळं एकाच टायरच्या वाट्याला येतं. म्हणूनच सिन्नरमध्ये जड गाडीचे टायर बदलायचे तर मुंबईतल्या मालकापेक्षा जरा जास्त विचार करावा लागतो.

दुकानात गेल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘कुठल्या कंपनीचा टाकू?’ माझ्या मते हा प्रश्न तिसरा-चौथा आहे. पहिला प्रश्न भाराचा. फॉर्च्युनर, डिफेंडर, चाकणला जुळणी होणारी मर्सिडीजची जीएलएस, बीएमडब्ल्यूची एक्स५ या गाड्या रिकाम्याच दोन टनांच्या आगेमागे किंवा त्याहून जड असतात. सात माणसं आणि त्यांचं सामान भरलं की काटा अडीच टनांच्या पुढे जातो. हा सगळा भार रस्त्यावर टेकतो तो चार चाकांखालच्या चार लहानशा पट्ट्यांवर. भरलेल्या गाडीच्या एका टायरखाली जेमतेम तीनशे चौरस सेंटीमीटर रबर जमिनीला लागलेलं असतं. ब्रेक, वळण, खड्डा, पाऊस, सगळं त्या तेवढ्या रबराने निभावायचं.

आता टायरच्या बाजूला वाका आणि अक्षरं वाचा. फॉर्च्युनरच्या अठरा इंची चाकावर २६५/६० आर१८ असं माप दिसेल. २६५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी. ६० म्हणजे बाजूच्या भिंतीची, साइडवॉलची, उंची रुंदीच्या साठ टक्के, म्हणजे १५९ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल आणि १८ म्हणजे रिमचा इंचांतला व्यास. इथपर्यंत सगळे वाचतात. खरी माहिती त्याच्या पुढच्या छोट्या अक्षरांत असते: ११०एच. यातला ११० हा लोड इंडेक्स. तो किलोचा आकडा नाही, तक्त्यातला क्रमांक आहे. १०४ म्हणजे ९०० किलो, १०७ म्हणजे ९७५, ११० म्हणजे १०६०, ११२ म्हणजे ११२० आणि ११६ म्हणजे १२५० किलो. एवढा भार एक टायर पूर्ण हवेवर पेलू शकतो.

कागदावर हिशोब करून पाहू. गाडी माणसांसकट २७०० किलो धरली आणि मागच्या दोन चाकांवर त्यातला ५५ टक्के भार धरला, तर मागच्या एका टायरवर सुमारे ७४० किलो येतात. टायर १०६० किलोचा, म्हणजे तीनशेहून अधिक किलो शिल्लक. ही शिल्लक जास्तीची वाटते, पण ती तशी नाही. घाटात वळताना बाहेरच्या बाजूच्या टायरवर भार ढकलला जातो, ब्रेक दाबला की पुढच्या टायरवर, आणि खड्ड्यात चाक आपटलं की क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट. शिवाय तक्त्यातला आकडा पूर्ण हवेचा असतो. साध्या टायरला ती हवा २५० किलोपास्कल, म्हणजे सुमारे ३६ पीएसआय धरलेली असते. हवा कमी झाली की पेलायची ताकदही उतरते. तोच ११० चा टायर २२ पीएसआयवर आला तर ढोबळ मानाने सातशे-साडेसातशे किलोंवर येतो, आणि आपली मागची चाकं ७४० किलोंवर उभी आहेत. शिल्लक संपली. बाहेरून पाहणाऱ्याला तो टायर फक्त थोडासा बसलेला दिसतो.

म्हणून नियम सोपा ठेवावा: ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीच्या स्टिकरवरच्या किंवा गाडीच्या पुस्तकातल्या लोड इंडेक्सपेक्षा एका आकड्यानेही खाली उतरायचं नाही. वर गेलात तर चालेल. माप तेच असूनही लोड इंडेक्स वेगळा असू शकतो, ही गोष्ट पुष्कळ जणांना ठाऊक नसते. २४५/३५ आर२० या एकाच मापाचा साधा टायर ९१ चा, म्हणजे ६१५ किलोंचा असतो. ‘एक्सएल’ लिहिलेला ९५ चा, ६९० किलोंचा. आणि ‘एचएल’ लिहिलेला ९८ चा, ७५० किलोंचा. एक्सएल म्हणजे जास्त भार पेलायला बांधलेला टायर, आणि तो भार पेलायला त्याला हवाही जास्त लागते. एचएल ही त्याच्याही पुढची पायरी. बॅटरीवर चालणाऱ्या आणि अवजड गाड्या वाढल्यामुळे ती अलीकडेच आली. तुमच्या गाडीला कंपनीने एक्सएल दिला असेल आणि दुकानदार ‘माप तेच आहे, बसतंय’ म्हणून साधा टायर पुढे करत असेल, तर तो नाकारायलाच हवा. बसतंय आणि पेलतंय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मापाच्या आधी ‘एलटी’ लिहिलेले टायर पिकअपसारख्या गाड्यांसाठी असतात. त्यांची बांधणी भक्कम असते, पण तेवढाच भार पेलायला ते जास्त हवा मागतात. जुन्या स्टिकरवरचीच हवा त्यांच्यात मारली तर भक्कम टायर घेऊनही गाडी कमी भाराच्या टायरवर चालते.

लोड इंडेक्सला चिकटून असलेलं अक्षर वेगाचं. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, टी १९०, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. समृद्धीवर मर्यादाच १२० ची आहे, मग २४० चा टायर कशाला, असं विचारलं जातं. हे अक्षर वेगाचं असलं तरी त्याच्या पोटात उष्णतेचा हिशोब आहे, आणि सिन्नरच्या माणसाला तो समजून घेण्यासारखा आहे.

२६५/६० आर१८ चा पूर्ण व्यास ७७५ मिलिमीटर. ताशी १२० च्या वेगाला असं चाक सेकंदाला जवळजवळ चौदा फेरे घेतं. प्रत्येक फेऱ्यात साइडवॉलचा प्रत्येक भाग रस्त्यावर आला की दबतो आणि वर गेला की सरळ होतो. तासाभरात हे सुमारे ४९ हजार वेळा घडतं. रबर दबताना जेवढी ऊर्जा घेतं तेवढी सगळी परत देत नाही. उरलेली आतच उष्णता होऊन राहते. हवा बरोबर असेल तर टायर कमी दबतो आणि तयार होणारी उष्णता वाऱ्यावर निघून जाते. हवा कमी असेल किंवा गाडी जास्त भरलेली असेल तर टायर जास्त दबतो, जास्त तापतो, आणि ही उष्णता निघून जाण्याच्या वेगाला मागे टाकते. टायरच्या आत पॉलिएस्टरच्या दोऱ्यांचं कापड असतं, त्यावर पोलादी तारांचे दोन पट्टे आणि चांगल्या टायरमध्ये त्यावर नायलॉनचा थर. सततच्या उष्णतेने पट्ट्यांना धरून ठेवणारं रबर कमजोर होतं, थर सुटू लागतात आणि मग एका क्षणी नक्षीचा अख्खा पट्टा उडतो किंवा टायर फुटतो. टायर ‘अचानक’ फुटला असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा त्याची तयारी कितीतरी आधीपासून चाललेली असते.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, २६ मे २०२३ ला तो सिन्नर तालुक्यातून पुढे भरवीरपर्यंत आला आणि ५ जून २०२५ ला आमणेपर्यंत पूर्ण झाला. गावोगावी थांबत, गतिरोधक ओलांडत चालणाऱ्या गाड्या पहिल्यांदाच तासन् तास एकाच वेगाने काँक्रीटवर धावू लागल्या. जुन्या रस्त्यावर टायरला मधे मधे थंड व्हायला वेळ मिळायचा, इथे मिळत नाही. अपघात वाढल्यावर परिवहन विभागाने २०२३ मध्ये या मार्गावर टायरची तपासणी सुरू केली आणि घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या. मला हे पाऊल फार योग्य वाटतं. विदर्भातल्या उन्हात सात माणसं भरलेली जड गाडी घेऊन निघणाऱ्याला वेगाचं वरचं अक्षर उपयोगी पडतं, कारण तो टायर जास्त उष्णता सोसायला बांधलेला असतो.

यातूनच पुढचा प्रश्न येतो, नक्षीचा. एच/टी म्हणजे डांबरी आणि काँक्रीट रस्त्याचा टायर, एम/टी चिखलाचा आणि ए/टी दोन्हींच्या मधला. ए/टीचे मोठे ठोकळे गाडीला रुबाब देतात, त्यामुळे त्यांचा मोह होतो. पण त्याच मापाच्या ए/टीवर पुष्कळदा वेगाचं अक्षर खालचं असतं, ओल्या रस्त्यावर ब्रेक लागायला अंतर जास्त लागू शकतं, आवाज वाढतो आणि डिझेलही. ज्यांचा मळा मुख्य रस्त्यापासून आत आहे आणि पावसाळ्यात रोज काळ्या मातीतून जावं लागतं, त्यांनी सौम्य नक्षीचा ए/टी जरूर घ्यावा. त्याची साइडवॉल काट्या-दगडांना जरा जास्त तोंड देते. पण गाडी दहातले आठ दिवस नाशिक, पुणे, शिर्डी करत असेल तर एच/टीच घ्यावा, आणि मळ्यात जाताना वेग कमी ठेवावा. एम/टीचं सिन्नरमध्ये काही काम नाही.

पावसाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. तालुक्याच्या पूर्वेला, वावीच्या बाजूला, पाऊस कमी, म्हणून तिकडचे मालक नक्षीची खोली फारशी मनावर घेत नाहीत. पण त्यांची गाडी कसारा घाटातूनही जाते. टायरच्या खाचांचं काम पाणी बाजूला ढकलायचं. खाचा संपल्या की पाण्याचा थर टायरखाली अडकतो आणि चाक त्यावर तरंगू लागतं. मग स्टिअरिंग फिरवा की ब्रेक दाबा, गाडी ऐकत नाही. हे कुठल्या वेगाला होतं याचं एक जुनं सूत्र आहे. ते नासाने विमानांच्या चाकांसाठी १९६० च्या दशकात मांडलं. हवेच्या दाबाचं वर्गमूळ काढा आणि त्याला साधारण १६.७ ने गुणा, की ताशी किलोमीटरमध्ये उत्तर येतं. गुळगुळीत टायर, रस्त्यावर पाणी आणि ३६ पीएसआय हवा असेल तर उत्तर १०० येतं. ३० पीएसआय असेल तर ९१. म्हणजे समृद्धीच्या मर्यादेच्याही बरंच खाली. जड गाडी रस्त्याला घट्ट धरून बसते हा समज इथे कामाला येत नाही.

खाचेत तळाशी एक लहानसा उंचवटा असतो. तो १.६ मिलिमीटरचा. नक्षी त्याच्या पातळीला आली की कायद्याने टायर संपला. जड गाडीच्या मालकाने एवढं थांबू नये. तीन मिलिमीटर उरले की, निदान पावसाळ्याआधी, नवे टायर मागवावेत. त्याला एक व्यवहाराचंही कारण आहे: वीस-एकवीस इंची मापं सिन्नरच्या दुकानात तयार असतीलच असं नाही, नाशिकहून किंवा पुण्याहून यायला दिवस जातात, आणि घाईत माणूस जे मिळेल ते घेतो.

रुंदी वाढवण्याचा आणि रिम मोठी करण्याचा मोहही आवरावा. पूर्ण व्यास तोच राहिला तर स्पीडोमीटर आणि गिअर यांचं गणित टिकतं. २६५/६५ आर१७ चा व्यास ७७६ मिलिमीटर आणि २६५/५० आर२० चा ७७३, म्हणजे १८ इंचीच्या जवळपास. पण वीस इंचीमध्ये साइडवॉल १५९ वरून १३३ मिलिमीटरवर येते. खड्डा सोसायला तेवढंच रबर कमी. आपल्या रस्त्यांवर मी तर सतरा-अठरा इंचीच्याच बाजूने आहे. फुगे येतात ते उंच साइडवॉलपेक्षा आखूड साइडवॉलच्या टायरला जास्त. खड्ड्याच्या धारेवर साइडवॉल रिममध्ये चेंगरते, आतल्या दोऱ्या तुटतात आणि त्या जागी हवा फुगा होऊन बाहेर येते. फुग्यावर दुरुस्ती नाही. तो टायर काढायचाच.

आता कंपनी. भारतात विकल्या जाणाऱ्या टायरवर आयएसआयचा शिक्का सक्तीचा आहे, परदेशी असला तरी. तो नसलेला टायर कितीही स्वस्त असला तरी बाजूला ठेवावा. महाराष्ट्रातच सातपूरला सिएट, चाकणला ब्रिजस्टोन आणि वाळूजला गुडइयर यांचे कारखाने आहेत, त्यामुळे फॉर्च्युनरच्या वर्गातल्या गाड्यांना निवड भरपूर आहे. अडचण येते ती महागड्या गाड्यांच्या मोठ्या मापांना. केंद्र सरकारने जून २०२० मध्ये टायरची आयात परवान्याखाली आणली. तेव्हापासून काही मापांमध्ये एखाद-दोन कंपन्यांचेच टायर मिळतात. अशा वेळी साइडवॉलवरची छोटी खूण पाहावी: मर्सिडीजसाठी ‘एमओ’, बीएमडब्ल्यूसाठी तारा, ऑडीसाठी ‘एओ’, लँडरोव्हरसाठी ‘एलआर’ किंवा ‘जेएलआर’. त्या गाडीच्या वजनाला आणि सस्पेन्शनला जुळवून तो टायर घडवलेला असतो. खूण नसलेला त्याच मापाचा टायर चालत नाही असं नाही, पण लोड इंडेक्स आणि वेगाचं अक्षर जुळलंच पाहिजे, आणि चारही चाकांना एकच प्रकार हवा.

चाराचं म्हणाल तर, सतत चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत एकच टायर नवा टाकणं महागात पडतं. नवा टायर व्यासाने थोडा मोठा, जुना लहान. दोघांच्या फेऱ्यांत फरक पडतो आणि तो फरक मधला गिअरबॉक्स सतत सोसत राहतो. बाकीचे तीन निम्म्याहून अधिक घासले असतील तर चारही बदलावेत. फॉर्च्युनरसारख्या, एरवी मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत दोन टाकले तरी चालतात, पण नवी जोडी मागे लावावी. लोक पुढे लावतात, कारण पुढचे जास्त घासलेले असतात. ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ पाहते, ते ड्रायव्हरला आवरता येतं. मागची सुटली तर गाडी फिरते, आणि अडीच टनांची फिरलेली गाडी कोणाला आवरत नाही.

रनफ्लॅट टायर कंपनीनेच दिलेले असतील तर प्रश्न जरा कठीण आहे. हवा गेल्यावरही ते साधारण ८० किलोमीटर, ताशी ८० च्या आत, चालतात. साइडवॉल कडक, म्हणून खड्ड्यात दणका जास्त. साधे टायर टाकायचे ठरवलं तर आधी स्टेपनीची सोय करावी, कारण अशा कित्येक गाड्यांत ती नसतेच.

टायर ठरला की बनावटीची तारीख पाहा. डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालातला तेविसावा आठवडा. वर्षभराच्या आतला टायर निर्धास्त घ्यावा. दोन वर्षांहून जुना असेल तर दुसरा मागवायला सांगावं. रबर पडून राहिलं तरी कडक होतं. बिलावर हा क्रमांक लिहून घ्यावा, तक्रारीच्या वेळी तोच कामाला येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिलाशिवाय स्वस्तात देतो म्हणणाऱ्याचं ऐकायचं आता कारणही कमी उरलं आहे.

टायर चढवताना समोर उभं राहावं. जुना टायर उतरल्यावर रिमची आतली कड पाहावी, वाकलेली असेल तर आधी ती सरळ करून घ्यावी. व्हॉल्व्ह नवा बसवायचा. हवेचा सेन्सर असेल तर तो सांभाळून काढायला सांगायचं. नव्या टायरवर पिवळा ठिपका असतो. ती टायरची सर्वांत हलकी बाजू, आणि तो ठिपका व्हॉल्व्हसमोर आणला की बॅलन्सिंगला वजनं कमी लागतात. कडांना साबणाचं पाणी लावून हवा भरली की दोन वेळा ‘ठप्’ असा आवाज होतो, एकेका बाजूची कड रिमवर बसल्याचा. मग रिमला लागून असलेली बारीक रेघ सगळीकडून सारख्या अंतरावर आहे का, हे बोट फिरवून पाहावं. रेघ कुठे आत गेलेली असेल तर टायर नीट बसलेला नाही. नट आधी हाताने, समोरासमोरचे, आणि शेवटचा पीळ टॉर्क पान्याने. गनने कचाकच आवळलेला नट पंक्चरच्या वेळी रस्त्यात सुटत नाही. शंभरेक किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासून घ्यावेत. अलाइनमेंट त्याच दिवशी करावं आणि मशीनचा कागद मागून घ्यावा, कारण जड गाडीचा टायर एका बाजूने घासायला लागला की दोन-तीन महिन्यांत कळेल इतका घासतो.

हवा सकाळी, गाडी निघण्याआधी पाहायची. स्वतःचा गेज घेतला तर उत्तम. तापमान दहा अंशांनी वाढलं की हवा साधारण दीड पीएसआयने वाढते, शिवाय पळून तापलेल्या टायरची वेगळी. म्हणून समृद्धीवर मधे थांबून गेजवर ४० दिसलं म्हणून हवा सोडू नये. थंड झाल्यावर तोच टायर कमी हवेवर येतो आणि परतीच्या प्रवासात जास्त तापतो. नायट्रोजन भरला तर वाईट काही नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पंधरा दिवसांनी गेज लावणं त्याहून मोलाचं. गाडी भरून निघणार असाल तर स्टिकरवरचा भरलेल्या गाडीचा आकडा वापरायचा. आणि गाडीच्या पोटाखाली टांगलेल्या स्टेपनीचीही हवा त्याच वेळी पाहायची, तिचीही तारीख वाचायची.

काढलेले जुने टायर टायरवाला घेतोच. चांगल्या नक्षीचे बैलगाडीला किंवा छकड्याला जातात, तिथे वेग नसतो. फुगा आलेला किंवा तार दिसू लागलेला टायर देताना मात्र आपल्यासमोर साइडवॉलला आडवा काप मारायला सांगावा, म्हणजे तो कुठल्याच मोटारीच्या चाकावर परत चढणार नाही.